मदत हवी आहे: साडेतीस आठवड्यांत जन्मलेल्या मुलीचे वय कोणते धरावे आणि पुढे काय तपासत राहावे?

आमच्या मुलीचा जन्म गर्भारपणाचे ३० आठवडे आणि ४ दिवस झाले असताना, म्हणजे ठरलेल्या तारखेच्या ६६ दिवस आधी झाला. पत्नीचा रक्तदाब एकाएकी खूप वाढला, लघवीतून प्रथिने जाऊ लागली आणि यकृताच्या चाचण्याही बिघडू लागल्या. तेव्हा आणखी थांबणे आईच्या जिवावर बेतू शकते असे सांगून डॉक्टरांनी सिझेरियन केले. त्याआधी चोवीस तासांच्या अंतराने तिला स्टेरॉइडची दोन इंजेक्शने दिली होती. जन्मतः बाळाचे वजन १३८० ग्रॅम होते. ती एकूण ३९ दिवस नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात होती आणि १९४० ग्रॅम वजनावर घरी आली. आज जन्मतारखेप्रमाणे ती पाच महिन्यांची आहे.

घरी आणताना आणि त्यानंतर मिळालेल्या कागदांवर पुढील नोंदी आहेत: जन्मानंतर श्वसनाचा त्रास, सर्फॅक्टंटची एक मात्रा, सहा दिवस सीपॅप (नाकावाटे सौम्य दाबाने हवा देणे), ३२व्या आठवड्यानंतर प्राणवायूची गरज नाही, श्वास मध्येच थांबत असल्याने ३४व्या आठवड्यापर्यंत कॅफिन, मेंदूच्या सोनोग्राफीत डाव्या बाजूला पहिल्या श्रेणीचा रक्तस्राव, ठरलेल्या प्रसूतीच्या तारखेच्या सुमारास केलेली सोनोग्राफी सर्वसाधारण, कानांची ओएई तपासणी उत्तीर्ण. डोळ्यांच्या तपासण्या घरी आल्यावरही चालू होत्या आणि शेवटच्या तपासणीत दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांची वाढ पूर्ण झाल्याचे लिहून दिले आहे. तेथील डॉक्टरांनी त्या वेळी सर्व समजावून सांगितले असणार, परंतु त्या दिवसांत आम्ही दोघेही मॉनिटरवरच्या आकड्यांपलीकडे काही ऐकण्याच्या स्थितीत नव्हतो.

आता अडचण अशी आहे की भेटायला येणारा प्रत्येक जण तिची तुलना इतर पाच महिन्यांच्या मुलांशी करतो. ती पालथी पडत नाही, वस्तू धरायला हात पुढे करत नाही. मान बरीचशी धरते, पण मध्येच डोलते. ती ओळखीचा चेहरा पाहून हसते आणि आवाजाच्या दिशेने डोळे फिरवते, असे आम्हांला तरी वाटते. एका वडीलधाऱ्या नातलगांनी तर ‘सातव्या महिन्यातले मूल तगते, आठव्यातले तगत नाही, तेव्हा तुम्ही नशीबवान आहात’ असे सांगून धीर दिला, ज्याने धीर येण्याऐवजी मी रात्रभर जागा राहिलो.

माझे प्रश्न असे आहेत. तिचे वय नेमके कोणते धरायचे, आणि लसीकरणासाठीही तेच धरायचे का? मेंदूतील तो रक्तस्राव पुढे काही दाखवील का? डोळे आणि कान यांचा विषय आता संपला असे समजावे का? लोहाचे थेंब सुरू केल्यापासून शी काळसर होऊ लागली म्हणून आम्ही ते तीन आठवड्यांपूर्वी बंद केले, ते योग्य झाले का? आणि शेवटचा प्रश्न, जो पत्नी स्वतः विचारणार नाही: आठव्या महिन्यापर्यंत कामावर जात राहायचे तिने ठरवले होते, त्या धावपळीमुळे हे घडले का?

प्रतिसाद १

मी नवजात शिशू विभागात बरीच वर्षे काम केलेली डॉक्टर आहे. मुलीला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही, त्यामुळे पुढील मजकूर आपल्या बालरोगतज्ज्ञांशी बोलताना उपयोगी पडावा एवढ्याच हेतूने वाचावा.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. आपण वर्णन केलेला आजार प्रीएक्लॅम्प्सियाचा आहे. त्याचे मूळ वारेच्या जडणघडणीत असते आणि ती जडणघडण गर्भारपणाच्या पहिल्या काही महिन्यांतच, रक्तदाब वाढण्याच्या कितीतरी आधी, झालेली असते. कामावर जाण्याने, जिने चढण्याने किंवा काळजी करण्याने तो होत नाही, आणि पत्नीने विश्रांती घेतली असती तर तो टळला असता असेही नाही. पुढे पुन्हा गर्भधारणा झाली तर मात्र सोळाव्या आठवड्याच्या आत प्रसूतितज्ज्ञांच्या सल्ल्याने कमी मात्रेचे अॅस्पिरिन सुरू करता येते, म्हणून तेव्हा पहिल्याच भेटीत हा इतिहास सांगावा. आणखी एक गोष्ट, जी बाळाच्या गडबडीत हमखास मागे पडते: हा आजार होऊन गेलेल्या स्त्रियांना पुढील आयुष्यात उच्च रक्तदाब आणि हृदयविकार यांचा धोका अधिक असतो. प्रसूतीनंतर पत्नीचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता?

आता वयाविषयी. विकास पाहताना जन्मतारखेपासूनच्या वयातून लवकर जन्मलेले दिवस वजा करायचे. यालाच सुधारित वय म्हणतात आणि ते साधारण दोन वर्षांपर्यंत वापरतात. आपल्या मुलीच्या पाच महिन्यांतून ६६ दिवस वजा केले की ती तीन महिन्यांचीही पूर्ण होत नाही. तीन महिन्यांच्या बाळाने पालथे पडावे अशी अपेक्षा कोणी करत नाही. ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून हसणे आणि मान सावरू लागणे याच त्या वयाच्या गोष्टी आहेत, आणि आपण लिहिले आहे त्यावरून ती तेच करते आहे. वजन, उंची आणि डोक्याचा घेर हेही सुधारित वयानेच तक्त्यावर मांडावेत. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणे द्यायच्या. लवकर जन्मलेल्या बाळाला आईकडून मिळणारी प्रतिपिंडे कमी मिळालेली असतात, त्यामुळे लसी पुढे ढकलणे म्हणजे ज्याला संरक्षणाची गरज अधिक त्यालाच ते उशिरा देणे होय. जन्मतः दोन किलोंपेक्षा कमी वजन असल्यास हेपटायटिस बी लसीच्या पहिल्या मात्रेचा हिशेब थोडा वेगळा असू शकतो, एवढे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

ज्येष्ठ नातलगांनी सांगितलेली समजूत फार जुनी आहे; प्राचीन ग्रीक वैद्यकातही आठव्या महिन्याचे मूल जगत नाही असे मानत. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीचा प्रत्येक जन्म अकाली मानला जातो आणि त्या कालावधीत पोटात काढलेल्या प्रत्येक आठवड्याने धोका कमी होत जातो. २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेले मूल आणि ३४ आठवड्यांनंतर जन्मलेले मूल यांची परिस्थिती इतकी वेगळी असते की ‘प्रीमॅच्युअर’ हा एकच शब्द दोघांना लावून काहीच कळत नाही. आपली मुलगी मधल्या, २८ ते ३२ आठवड्यांच्या गटात येते.

फुप्फुसांचे उदाहरण घेतले की हे स्पष्ट होते. श्वास सोडल्यावर फुप्फुसातील सूक्ष्म पिशव्या चिकटून मिटू नयेत म्हणून त्यांच्या आतल्या बाजूला सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ लागतो, आणि तो पुरेसा तयार होण्यास साधारण ३४-३५ आठवडे जावे लागतात. त्याच्या अभावामुळे हा श्वसनाचा आजार होतो हे १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवले. तरीही १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा साडेचौतीस आठवड्यांच्या सुमारास जन्मलेला मुलगा याच आजाराने ३९ तासांत गेला, कारण तेव्हा उपचारच हाती नव्हते. आपल्या पत्नीला दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शने न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हॉवी यांच्या १९७२ च्या अभ्यासातून आली. ती बाळाच्या फुप्फुसांची पक्वता वाढवतात आणि मेंदूतील रक्तस्रावाचे प्रमाणही घटवतात. बाहेरून सर्फॅक्टंट देण्याचा उपचार फुजिवारा यांनी जपानमध्ये १९८० मध्ये यशस्वी करून दाखवला. गर्भारपणापासून मोजलेल्या ३६ आठवड्यांच्या वयालाही प्राणवायू लागत असेल तर फुप्फुसांचा दीर्घकालीन आजार गंभीरपणे घ्यावा लागतो. आपल्या मुलीची ती गरज ३२व्या आठवड्यातच संपली होती. तरीही पहिली दोन वर्षे तिला साध्या सर्दीतून छातीचा त्रास होण्याची शक्यता इतरांहून अधिक राहील. घरात धूम्रपान मुळीच नसावे, आणि सर्दी झालेल्या पाहुण्यांना दारातूनच परत पाठवण्यात संकोच करू नये.

मेंदूच्या आतील पोकळ्यांच्या कडेला या वयात अत्यंत नाजूक रक्तवाहिन्यांचा एक थर असतो, जो ३४ आठवड्यांच्या सुमारास विरून जातो. पहिल्या श्रेणीचा रक्तस्राव त्या थरापुरताच मर्यादित असतो. पोकळ्या फुगवणारी तिसरी किंवा मेंदूच्या द्रव्यात पसरणारी चौथी श्रेणी ही फार वेगळी बाब आहे. नंतरची सोनोग्राफी सर्वसाधारण असल्याने त्या एका नोंदीवर फार विचार करू नये, परंतु सोनोग्राफी चांगली आहे म्हणून विकासाच्या तपासण्या सोडूही नयेत, कारण चित्रात न दिसलेली गोष्ट कधी कधी हालचालींतून दिसते. सुधारित वयाचे चार महिने पूर्ण झाल्यावरही मान न धरणे, मुठी सतत आवळलेल्या असणे, लंगोट बदलताना पाय ताठ लागणे, वर्षाच्या आतच एकच हात वापरू लागणे, नऊ महिन्यांपर्यंत आधाराविना न बसणे, यांपैकी काहीही दिसले तर ‘उशिरा करेल’ म्हणून वाट पाहू नये. सुधारित वय हे उशीर मोजण्यासाठी आहे, लपवण्यासाठी नाही.

डोळ्यांचा मुख्य धोका टळला आहे. तरी चष्मा लागणे आणि तिरळेपणा या मुलांत अधिक आढळतो, त्यामुळे वर्षाच्या सुमारास एकदा पुन्हा तपासावे. कानांविषयी मात्र मी आपल्याला थोडे घाईला लावणार आहे. ओएई तपासणी आतल्या कानाचे काम पाहते, कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे पाहत नाही. आणि अतिदक्षता विभागात पाच दिवसांहून अधिक राहिलेल्या बाळांत नसेचा दोष असण्याची शक्यता अधिक असते. म्हणून अशा बाळांची बेरा, म्हणजे आवाजाला त्या नसेचा प्रतिसाद पाहणारी, तपासणी व्हायला हवी. दोष असेल तर सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू होणे भाषेसाठी महत्त्वाचे असते. कागदावर बेराचा उल्लेख नसेल तर याच आठवड्यात विचारावे.

लोहाचे थेंब डॉक्टरांना विचारून लगेच पुन्हा सुरू करावेत. बाळाच्या शरीरातील लोहाचा बहुतेक साठा शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून येतो आणि आपल्या मुलीचा तोच काळ हुकला. शी काळसर होणे हा लोहाचाच रंग आहे, अपाय नाही. ड जीवनसत्त्वाचे थेंबही त्यासोबत बंद झाले नाहीत ना, हे पाहावे.

प्रतिसाद २

माझा मुलगा २८व्या आठवड्यात जन्मला आणि आता नऊ वर्षांचा आहे, म्हणून केवळ पुढच्या वाटेविषयी लिहितो.

त्याला मोठे व्यंग नाही. चष्मा आहे, चेंडू झेलताना गोंधळतो, वाचन उत्तम आहे आणि गणितात एकाच वेळी दोन-तीन गोष्टी डोक्यात धरायच्या आल्या की अडखळतो. हे सर्व आम्हांला दोन वर्षांचा असताना दिसले नव्हते; तोपर्यंत प्रत्येक तपासणीत तो ‘ठीक’ होता आणि आम्ही पुढच्या भेटी बंद केल्या होत्या, जी आमची चूक ठरली. लक्ष टिकवणे, हाताचे बारीक काम आणि आकडेमोड यांतील अडचणी या मुलांत अधिक आढळतात आणि त्या शाळेत गेल्यावरच उघड होतात, त्यामुळे शिक्षकांना जन्माचा इतिहास सांगून ठेवावा.

शाळेचीच आणखी एक गोष्ट. प्रवेश जन्मतारखेवर होतो. काही मुले ठरलेल्या तारखेला जन्मली असती तर एक इयत्ता मागे असती, पण लवकर जन्मल्यामुळे वर्गातील सर्वांत लहान ठरतात. आमच्याकडे तसेच झाले. आपल्या मुलीच्या दोन्ही तारखा प्रवेशाच्या सीमारेषेच्या दोन बाजूंना येतात का, हे आत्ताच पाहून ठेवावे. नियम वाकत असतील तर एक वर्ष थांबण्याचा विचार करता येतो.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्या डॉक्टर

वरील अनुभवाला दुजोरा देते. त्यात एक भर घालते: मूत्रपिंडातील गाळण्यांची निर्मिती साधारण ३६व्या आठवड्यापर्यंतच चालते आणि अकाली जन्मात त्यांची संख्या कमी राहू शकते. मोठेपणी रक्तदाब थोडा अधिक असण्याचे ते एक कारण मानले जाते. म्हणून या मुलांचा रक्तदाब तीन वर्षांची वाट न पाहता नियमित भेटीतच मोजावा, अशी विनंती बालरोगतज्ज्ञांना करावी. यात घाबरण्यासारखे काही नाही. पट्टा बांधायला दोन मिनिटे लागतात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. बेरा झाली नव्हती, हे कागद पुन्हा वाचल्यावर लक्षात आले. ती काल केली, दोन्ही कानांचा प्रतिसाद योग्य आहे. लोहाचे थेंब सुरू झाले आहेत आणि ड जीवनसत्त्वाचे आम्ही खरोखरच सोबत बंद केले होते, तेही आता देतो. विकासाच्या तपासणीची पुढची तारीख सुधारित वयाचे चार महिने पूर्ण होतील त्या आठवड्यातली घेतली आहे.

पहिल्या प्रतिसादातील आजाराविषयीचा परिच्छेद मी पत्नीला वाचायला दिला. तिने तो दोनदा वाचला आणि काही बोलली नाही. नंतर तिनेच रक्तदाब मोजून घेऊ असे म्हटले. प्रसूतीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यापासून तो कोणी मोजलेलाच नव्हता. तो १४८/९४ निघाला, चार दिवसांनी पुन्हा जवळपास तेवढाच, आणि फिजिशियननी दूध पाजताना चालतील अशा गोळ्या सुरू केल्या आहेत.