केमो सुरू झाल्यापासून बंड्या आईला सोडतच नाही, पण आता ताईंवर गुरगुरतोय

मुलुंडची_मीनल

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. आमचा बंड्या देशी आहे, पाचेक वर्षांचा, भावाने भांडुप स्टेशनबाहेरून पिल्लू असताना उचलून आणलेला. आईचं नि त्याचं कधीच फार सख्य नव्हतं, म्हणजे ती त्याला जेवायला घालायची पण सोफ्यावर चढला की ओरडायची, आणि तोही तिच्या वाटेला जायचा नाही, त्याचा माणूस म्हणजे माझा भाऊ.

आता आईची परळला केमो चालू आहे आणि पहिल्या सायकलपासून हा तिच्या कॉटखालून हलायलाच तयार नाही. भाऊ ऑफिसातून आला तरी दारापर्यंत जातो, शेपूट हलवतो आणि परत आत. केमो झाल्यावर एका रात्री आई बाथरूमला उठली तर हा तिच्या पुढे जाऊन पॅसेजमध्ये आडवा उभा राहिला, तिला पुढे जाऊच देईना, मग तिने एक हात भिंतीला आणि एक त्याच्या पाठीवर टेकवला आणि तशीच थांबली. नंतर म्हणाली, अगं डोळ्यांपुढे अंधारीच आली होती. ह्याला ते आधी कळलं का?

आता प्रॉब्लेम. सकाळी नर्सिंग ब्युरोच्या ताई येतात, स्पंजिंग करायला, चादर बदलायला. त्या आईला कुशीवर वळवायला वाकल्या की हा कॉटखालून गुरगुरतो, काल तर दात दाखवले. ताई चांगल्या आहेत हो, पण घाबरल्यात, असंच चाललं तर येणार नाही म्हणाल्या. वर नातेवाईक रोज फोन करून सांगतात की कॅन्सरच्या पेशंटजवळ कुत्रा ठेवूच नका, देऊन टाका. मला द्यायचं नाहीये. आई तर म्हणते तो गेला तर मीही जेवणार नाही. काय करू? कोणाला असा अनुभव आहे का?

निशिगंधा

मीनल, आधी आईंना लवकर बरं वाटू दे. त्याला कळतं गं. माझ्या लेकाला टाइप वन डायबेटिस आहे आणि आमची लॅब, म्हणजे लॅब्रॅडॉर कुत्री, रात्री त्याची शुगर उतरली की पलंगावर पुढचे पाय टाकून त्याचं पांघरूण ओढते, तो उठला नाही तर आमच्या खोलीत येऊन मला नाकाने ढोसते. तिला कोणी शिकवलेलं नाही.

मी यावर बरंच वाचलंय. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी टाइप वनच्या पेशंटची शुगर मुद्दाम, देखरेखीखाली खाली आणून त्यांचा श्वास तपासला तर आयसोप्रीन नावाचा एक वायू वाढलेला दिसला, काहींच्यात जवळजवळ दुप्पट. आपल्याला त्याचा वास अजिबात येत नाही, कुत्रे बहुतेक तोच पकडत असावेत असा त्यांचा अंदाज. अपस्माराचंही तसंच, फ्रान्समध्ये २०१९ मध्ये फिट येतानाच्या घामाचे नि श्वासाचे नमुने शिकवलेल्या कुत्र्यांनी वेगळे ओळखले. तेव्हा आईंच्या शरीरात काही बदललं आणि त्याला ते आलं, हे मला तरी खरं वाटतं.

पण एक सांगते, लॅबने उठवलं नाही म्हणजे शुगर ठीक आहे असं आम्ही कधीच धरत नाही. सेन्सर लावलेला असतो, त्याचा अलार्म असतो, शिवाय बोट टोचून बघतोच.

डॉक्टर_दादर

मी व्हेट आहे, दादरला प्रॅक्टिस करतो. निशिगंधाताईंनी लिहिलंय ते बरोबर. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाख, कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या वर. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत २०२२ मध्ये ३६ जणांना अवघड तोंडी गणितं घालून टेन्शन आणलं, आधीचा आणि नंतरचा घाम नि श्वास कापडावर घेतला आणि चार कुत्र्यांना ओळखायला दिला. ९३.७५ टक्के वेळा त्यांनी टेन्शनचा नमुना बरोबर निवडला, समोर माणूस नाही, चेहरा नाही, नुसता वास. केमोत तर सगळंच बदलतं, घाम, तोंडाचा वास, चालण्याची लय, झोपायच्या वेळा. बंड्याच्या दृष्टीने घरातलं एक माणूस अचानक वेगळं झालंय.

आता गुरगुरण्याबद्दल, कारण मला खरी काळजी त्याची आहे. याला लोक "राखण करतोय बिचारा" म्हणून कौतुकाने बघतात, तसं करू नका. आणि ओरडू तर मुळीच नका, मारू नका. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे, लांब व्हा म्हणून. ती ओरडून बंद केलीत तर भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी तो न सांगता चावतो. यात थोडं राखणं असेल, पण बरीचशी भीती आहे. अनोळखी माणूस वरून वाकतं, आईंना हलवतं, आईंच्या तोंडून "आई गं" निघतं, आणि हा कॉटखाली, म्हणजे पळायला जागा नाही.

म्हणून पहिलं काम, ताई यायच्या आधीच त्याला खोलीबाहेर काढा, त्या वाकल्या असताना तो तिथे असताच कामा नये. स्वयंपाकघरात चघळायला काहीतरी देऊन दार लावून घ्या. मग ताईंची ओळख वेगळी करून द्या, हॉलमध्ये, भावाच्या हातात पट्टा, ताई खुर्चीवर तिरक्या बसलेल्या, त्याच्याकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही, फक्त उकडलेल्या चिकनचे तुकडे त्याच्या दिशेने टाकायचे. थोडा वेळ पुरे. तो स्वतःहून वास घ्यायला गेला तर जाऊ द्या. हे जमलं की मग आईंच्या खोलीच्या दारात, मग आत. स्पंजिंगच्या वेळी मात्र तो कायम बाहेरच.

गिरगावकर

प्रेमाबद्दल शंका नाही, पण कळणं वेगळं आणि वाचवता येणं वेगळं. अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने २०२० मध्ये ६० पाळीव कुत्र्यांवर प्रयोग केला, मालक मोठ्या खोक्यात बंद आणि मदतीसाठी हाका मारतोय, त्यातल्या साधारण एक तृतीयांश कुत्र्यांनीच खोकं उघडलं. लोक इथेच थांबतात आणि म्हणतात बघा, काही नाही कळत. पण त्याच खोक्यात खाणं ठेवलं तेव्हाही फक्त १९ जणांना ते उघडता आलं, आणि त्या १९ पैकी १६ जणांनी मालकाला बाहेर काढलं. म्हणजे धडपड होती, खोकं कसं उघडायचं ते बाकीच्यांना समजत नव्हतं.

मीनल, म्हणून सांगतो, आईंनी बंड्याच्या पाठीवर भार टाकू नये. तो घाबरून सरकला तर त्या पडतील, आणि केमोत प्लेटलेट कमी असताना साधं पडणंही महागात जातं. पॅसेजला रात्रीचा छोटा दिवा लावा, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घ्या, उशाशी बिनतारी बेल ठेवा. त्याने उठवलं तर उत्तमच.

सुजाता_बोरिवली

मी स्वतः यातून गेलेय गं, तेव्हा आमच्याकडे दोन होते आणि कोणालाच दिले नाहीत. माझ्या ऑन्कोलॉजिस्टने सरळ नियम घालून दिले. केमोनंतर रक्तातल्या पेशींचे काउंट साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात सगळ्यात खाली जातात, त्या दिवसांत जास्त जपायचं, चेहऱ्याला नि हाताच्या सुईच्या जागेला चाटू द्यायचं नाही, हात लावला की साबणाने धुवायचे, अंथरुणात घ्यायचं नाही, नखं कापलेली, त्याची शी-शू आईंनी साफ करायची नाही. ओरखडा किंवा चावा बसला तर वाट न बघता डॉक्टरांना फोन, आणि ताप १००.४ ला गेला तरी तसंच. त्याचं जंताचं औषध, गोचिडींचं औषध, लसी सगळं वेळेवर. पावसाळा तोंडावर आहे, साठलेल्या पाण्यातून लेप्टो होतो तो कुत्र्यांनाही होतो आणि त्यांच्या लघवीतून आपल्याला, तेव्हा त्याचं इंजेक्शन झालंय का बघ आणि फिरवून आणलं की पाय धुऊन पुसून मगच आत.

आणखी एक जे कोणी सांगत नाही, केमोनंतरचे दोनेक दिवस औषध आईंच्या उलटीतून, लघवीतून बाहेर पडत असतं, तर बंड्याला तिथे तोंड घालू द्यायचं नाही, टॉयलेटचं झाकण बंद, उलटीचं भांडं खाली ठेवायचं नाही. तू आमच्याच नियमांवर जाऊ नकोस, आईंच्या डॉक्टरांना घरात कुत्रा आहे हे स्पष्ट सांग.

नातेवाईकांना सांग की डॉक्टरांना विचारलंय. मला रात्री झोप लागायची नाही तेव्हा आमची म्हातारी कुत्री पलंगाजवळ जमिनीवर हनुवटी टेकून जागी असायची, मी कूस बदलली की मान वर करून बघायची. त्या दिवसांत घरातले सगळे माझ्यासमोर हसरे चेहरे करून यायचे, तिच्यासमोर मला काहीच लपवावं लागत नव्हतं.

मुलुंडची_मीनल

खूप खूप आभार सगळ्यांचे. काल भावाने सुट्टी घेतली आणि डॉक्टरांनी लिहिलंय तसं केलं. आधी भुंकला, मग चिकनचा तुकडा पायाजवळ पडल्यावर गप्प झाला, शेवटी ताईंच्या चपलांचा वास घेऊन आला. ताई म्हणाल्या अजून दोन-चार दिवस बघते. स्पंजिंगला स्वयंपाकघरात ठेवला, रडला थोडा. सुजाताताई, लेप्टोचं मागच्या वर्षी झालंय, यंदाचं बाकी आहे, शनिवारी नेतो. आईच्या डॉक्टरांना पुढच्या व्हिजिटला विचारते. डॉक्टर, एक शंका, सुरुवातीला काही दिवस मझल, म्हणजे चावू नये म्हणून तोंडाला घालतात तो, घालावा का?

डॉक्टर_दादर

घालू शकता, पण बास्केटवाला, आतून तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत आणि पाणी पिता आलं पाहिजे. तोंड घट्ट बांधणारी कापडी पट्टी मुंबईच्या उकाड्यात नको. एकदम बांधू नका, आधी मझलच्या आत चिकन ठेवून त्याला स्वतःहून तोंड घालू द्या, बक्कल बरंच नंतर. शनिवारी येताय तर दुकानात जाण्याआधी नाकाची लांबी आणि जबड्याचा घेर मोजून घ्या, देशी कुत्र्यांना लॅबच्या मापाचे बसत नाहीत.