मदत हवी आहे: आई-मुलीच्या अदलाबदलीनंतर 'तू' की 'तुम्ही'?

२००३ च्या 'फ्रीकी फ्रायडे' या इंग्रजी सिनेमाची मराठी सबटायटल्स करतेय, घरी आजीसोबत बघायला. फॉर्च्यून कुकी (आत भविष्याची चिठ्ठी असलेलं बिस्किट) फोडल्यावर आई टेस आणि मुलगी ॲना एकमेकींच्या शरीरात जातात, तिथून पुढे अडलंय.

क्रियापदांचा त्रास नाही. दोघी बायका, त्यामुळे 'मी आले, मी गेले' दोघींना चालतं. एकमेकींशीही दोन्हीकडून 'तू'च. अडचण तिसऱ्या माणसाशी बोलताना येते. टेसच्या शरीरातली ॲना रायनशी, म्हणजे आईच्या होणाऱ्या नवऱ्याशी बोलते. मुलगी म्हणून 'तुम्ही' हवं, पण बायको होणारी बाई अचानक 'अहो' म्हणाली तर रायन चमकायला हवा, आणि पडद्यावर तो चमकत नाही. सगळीकडे 'तू' केलं, तर आत मुलगी आहे हे आजी विसरणार. टेसच्या वडिलांचंही तेच: 'बाबा' की 'आजोबा'?

करून पाहिलेलं: ओळीआधी कंसात नाव टाकलं, पण ओळीला ३८-४० अक्षरांतली आठेक त्यातच जातात. रंग दिले, संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये दिसतात, टीव्हीला पेनड्राइव्ह लावला की सगळं पांढरं. तिरकी देवनागरी आजीला वाचवत नाही. फाइल एसआरटी (सबटायटल्सची साधी मजकूर-फाइल), अक्षरांचं एन्कोडिंग यूटीएफ-८. जोडाक्षरं नीट येतात. टीव्हीवरच बघायचंय आणि डबिंग नकोय.

सध्याचा विचार असा: लोकांसमोर शरीराप्रमाणे 'तू', 'बाबा', आणि ॲना गडबडते तिथेच जीभ घसरून 'तुम्ही'. पण अशी घसरण किती वेळा ठेवली तर गंमत राहील आणि चूक वाटणार नाही?