तोंड उघडत नाही, गोळी सुचवा (अर्जंट)

रामटेकचा_पक्या: लहान भाऊ, वय २८. दोन-तीन महिन्यांपासून भाजी जरा तिखट झाली की तोंड पेटतं म्हणतो. आता पाणीपुरीसुद्धा तोंडात जात नाही, फोडून खातो. मेडिकलवाल्यानं बी-कॉम्प्लेक्स अन् जेल दिलं, फरक शून्य. पुढच्या महिन्यात लग्न आहे. 'डॉक्टरकडे जा' सोडून बोला.

अनुस्वार: खातो काय?

रामटेकचा_पक्या: घरचंच जेवण.

अनुस्वार: जेवणाचं नाही विचारलं. खर्रा?

कुंदाकाकू: अक्कलदाढ असणार. भाचीला अस्संच झालेलं. लवंगेचं तेल लावा.

रामटेकचा_पक्या: खर्रा खातो, पण दिवसाचे चार-पाचच. तंबाखू नावाला, सुपारीच जास्त.

अनुस्वार: अरे, सुपारीच तर नडते! मी डेंटिस्ट आहे. सुपारीनं गालाची आतली कातडी ताठ होत जाते, सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. पुढे त्यातूनच कॅन्सर होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ सालीच नुसती सुपारीही कॅन्सरकारक ठरवली. माझ्याकडे असे पेशंट आधी पन्नाशीचे यायचे, आता पंचविशीची पोरं येतात. त्याचीच तीन बोटं उभी करून दातांमध्ये जातात का बघ.

देशमुख_७१: आमच्या आबांनी ८० वर्षांपर्यंत तंबाखू खाल्ली, ठणठणीत. हा सगळा फवारणीच्या भाज्यांचा परिणाम.

सुटलो_एकदाचा: आमच्या आबांचा जबडा ५२व्या वर्षी काढला. फिट्टंफाट.

वर्धेकर: राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे म्हणे. आमच्या चौकातल्या पानठेल्यावर रात्री अकरापर्यंत खर्रा घोटणं चालू असतं. बंदीनं भाव तेवढा वाढला.

रामटेकचा_पक्या: दोनच बोटं जातात, तीही कशीबशी. उजव्या गालात पांढरं दिसतंय. मध लावू का?

अनुस्वार: मध-हळद काही नको. ताठ झालेलं पहिल्यासारखं होत नाही, पण खर्रा सुटला तर पुढचा धोका कमी होतो. पांढऱ्या चट्ट्याचा तुकडा काढून तपासावा लागेल. नागपूरला सरकारी डेंटल कॉलेजात दाखव, या आठवड्यातच.

सुटलो_एकदाचा: अन् तंबाखू सोडवायच्या सरकारी हेल्पलाइनला, १८००-११-२३५६ ला, फोन लावून दे, फुकट आहे. मी ११ वर्षं खाल्ला. पहिले पंधरा दिवस हात आपोआप खिशात जायचा, पुडीच्या जागी बडीशेप ठेवली होती.

रामटेकचा_पक्या: तो म्हणतो लग्नानंतर पाहू. आईला सांगू का?

वर्धेकर: आईचं ऐकत असता तर खर्रा लागला असता का बे? होणाऱ्या बायकोला सांग.