विटांच्या पिझ्झा भट्टीचा घुमट : वरचे थर, सांध्यांचा मसाला आणि दाराची उंची

परसदार

नमस्कार मंडळी,

परसात लाकडावर चालणारी विटांची पिझ्झा भट्टी बांधायला घेतली आहे. चौथरा पूर्ण झाला असून त्यावर सिमेंट आणि व्हर्मिक्युलाइट यांचा 10 सेंमी जाडीचा उष्णतारोधक थरही घालून झाला आहे. त्यावर आतून एक मीटर व्यासाचा अर्धगोल घुमट, म्हणजे मध्यभागी 50 सेंमी उंची, असा आराखडा आहे. अग्निरोधक विटा अर्ध्या कापून वापरणार असल्यामुळे घुमटाची जाडी साडेअकरा सेंमी येईल.

खालचे थर जवळजवळ उभेच असल्याने त्यांची चिंता वाटत नाही. मात्र वर जाताना विटा आतल्या बाजूला झुकू लागल्या, की मसाला ओला असतानाच त्या घसरून पडणार नाहीत का? काही जण आत ओल्या वाळूचा ढीग करून त्यावर घुमट रचतात, तर काही जण साच्याशिवायच काम करतात. यांतले काय निवडावे? सांध्यांसाठी नेहमीचा सिमेंट-वाळूचा मसाला चालत नसेल, तर नेमके काय वापरावे? मोठी भांडीही आत सरकवता यावीत म्हणून दार 42 सेंमी उंच ठेवण्याचा विचार आहे. त्याबद्दलही आपले मत कळवावे.

ओळंबा

दारापासून सुरुवात करतो, कारण ते एकदा बांधले की बदलता येत नाही. 50 सेंमी उंचीच्या घुमटाला 42 सेंमीचे दार फारच उंच होईल. भट्टीत बाहेरची थंड हवा दाराच्या खालच्या भागातून आत शिरते, निखाऱ्यांवरून जाऊन तापते, घुमटाला लागून फिरते आणि दाराच्या वरच्या भागातून बाहेर पडते. दाराच्या कमानीच्या वर घुमटाचा जेवढा भाग उरतो, तेवढ्यातच तापलेली हवा अडून राहते. म्हणून दाराची उंची आतल्या उंचीच्या सुमारे 63 टक्के ठेवण्याचा प्रघात आहे. तुमच्या भट्टीत ती 31 ते 32 सेंमी येते. दार एखाद-दुसरा सेंमी कमीजास्त झाले तर बिघडत नाही, पण 42 सेंमी ठेवल्यास लाकूड भरपूर जळेल आणि घुमट मात्र तापायचा नाही. याच कारणासाठी धुराडेही घुमटाच्या माथ्यावर न बसवता दाराबाहेरच्या कमानीवर बसवावे.

आता वरच्या थरांविषयी. माझे मत साच्याशिवाय बांधण्याच्या बाजूचे आहे. फरशीच्या मध्यबिंदूवर, सर्व दिशांना फिरेल अशा सांध्यावर, एक दांडी बसवा आणि तिच्या टोकाला काटकोनी पट्टी लावा. वीट त्या पट्टीत टेकली, की केंद्रापासूनचे तिचे अंतर आणि तिचा कल ही दोन्ही आपोआप बरोबर येतात. वाळूच्या ढिगावर रचताना विटेची आतली बाजू दिसतच नाही, त्यामुळे सांध्यातून आत उतरलेला मसाला पुसता येत नाही आणि विटांच्या कडा पुढेमागे राहिल्याचे ढीग उपसल्यावरच कळते.

घसरण्याची भीती फक्त थर अपुरा असेपर्यंतच असते. गोल पूर्ण झाला, की प्रत्येक वीट शेजारच्या दोन विटांमध्ये अडकते आणि थर स्वतःच उभा राहतो. त्यामुळे वरचा कोणताही थर अर्धवट सोडून काम थांबवू नका. विटा थोडा वेळ पाण्यात बुडवून, पृष्ठभागावरचे पाणी निथळले की लावा. पूर्ण कोरडी वीट मसाल्यातले पाणी इतक्या वेगाने ओढते की तिला जागेवर सरकवायलाही अवधी मिळत नाही, आणि फार भिजलेली वीट मसाल्याला धरतच नाही. विटेच्या खालच्या आणि एका बाजूच्या अंगाला मसाला लावून ती दाबायची, रबरी हातोडीने दोन हलके ठोके द्यायचे आणि पकड येईपर्यंत पट्टी तशीच खाली टेकवून ठेवायची. फार तिरप्या थरांत पुढची वीट लागेपर्यंत आधीच्या विटेला लाकडी टेकू द्यावा.

विटांच्या बाजू कापण्याचा कंटाळा करू नका. 50 सेंमी त्रिज्येच्या वर्तुळात साडेअकरा सेंमी रुंदीच्या चौकोनी विटा आतून एकमेकींना भिडवल्या, तर बाहेरच्या बाजूला प्रत्येक दोन विटांमध्ये अडीच सेंमीहून अधिक रुंद पाचरीसारखी फट राहते. खालच्या थरांत ती मसाला आणि विटांच्या कपच्यांनी भरली तरी चालते. वर मात्र बाजू निमुळत्याच हव्यात, कारण तिथे घुमटाचा भार विटेकडून विटेला पोहोचायला हवा. उभे सांधे एकावर एक येऊ देऊ नका.

राखाडी

ओळंबा यांच्याशी सहमत आहे. मी फक्त मसाल्याबद्दल लिहितो.

साध्या सिमेंट-वाळूच्या मसाल्यातील चुन्याचा घटक सुमारे 400 ते 450 अंश सेल्सिअसला विघटित होतो. थंड झाल्यावर हवेतील ओलावा शोषून तो पुन्हा फुगतो आणि सांधा भुसभुशीत होतो. पिझ्झासाठी घुमटाचा आतला पृष्ठभाग या तापमानापर्यंत सहज जात असल्याने असा मसाला आतल्या बाजूला वापरू नये. कॅल्शियम ॲल्युमिनेट सिमेंटवर आधारलेला तयार अग्निरोधक मसाला मिळत असेल तर तो सर्वांत निश्चिंत. तो परवडत नसेल, तर मापाने तीन भाग बारीक वाळू, एक भाग सिमेंट, एक भाग विरलेला चुना आणि एक भाग अग्निरोधक मातीची भुकटी हे मिश्रण घरगुती भट्ट्यांसाठी सर्रास वापरतात. यातही सिमेंट आहेच, पण ते मुख्यतः सुरुवातीची पकड देते आणि पुढे चुना व माती सांधा सांभाळतात.

तयार मसाला घेताना पिशवीवरचा मजकूर नीट वाचा. काही मसाले फार उच्च तापमानालाच पक्के होतात, आणि घरगुती भट्टीच्या सांध्यांत तेवढी उष्णता पोहोचत नाही. सोडियम सिलिकेटवर आधारलेले काही मसाले पक्के भाजले जाईपर्यंत पाण्याने सुटतात, म्हणून उघड्या परसात ते पावसापासून जपावे लागतात. मसाला कोणताही असो, आतला सांधा शक्य तितका बारीक ठेवा, कारण ज्वाळेला विटेइतके तोंड कोणताही सांधा देऊ शकत नाही.

परसदार

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दार 32 सेंमीच ठेवतो आणि दांडीही आजच करायला घेतो. बांधकाम झाल्यावर पहिली आग केव्हा पेटवावी? आणि तडे जातातच असे अनेक जण म्हणतात, ते कितपत खरे आहे?

मातीकाम

केसाएवढे तडे जवळपास प्रत्येक भट्टीला जातात आणि त्यांनी घुमट पडत नाही. आतली बाजू तापून प्रसरण पावते, बाहेरची बाजू तुलनेने थंड असल्याने ताणली जाते आणि तिच्यावर उभ्या चिरा उमटतात. शिवाय अर्धगोल पातळ घुमटाचे आडवे थर, माथ्यापासून सुमारे 52 अंशांच्या खाली, स्वतःच्या वजनानेही ताणात असतात. तुमच्या मापात ही सीमा फरशीपासून 31 सेंमी उंचीवर येते, म्हणजे ताणातले हेच थर दारामुळे तुटतात. लहान भट्टीत वजनाचा ताण फार नसतो आणि मोठे काम उष्णताच करते, पण पहिली चीर दाराच्या कमानीपाशी दिसली तर ती तिथेच का आली हे यावरून समजेल. कमानीला दोन्ही बाजूंनी भक्कम आधार द्या. घुमट आणि बाहेरची धुराड्याची कमान एकमेकींना जोडू नका. एक मीटर लांबीची अग्निरोधक वीटबांधणी 500 अंशांनी तापल्यावर सुमारे अडीच-तीन मिलिमीटर वाढते. ही वाढ सामावण्यासाठी दोन्हींच्या मध्ये सेंटीमीटरभर फट ठेवून तीत सिरॅमिक तंतूंचा दोर भरावा.

खरा धोका घाईने वाळवण्यात आहे. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे 1,700 पट जागा लागते, आणि विटेत किंवा सांध्यात कोंडलेली वाफ वाट मिळाली नाही तर कपचे उडवते. शेवटची वीट बसल्यावर आठवडाभर घुमट ओल्या गोणपाटाखाली ठेवा, मग काही दिवस सावलीत सुकू द्या. त्यानंतर आठवडाभर रोज अगदी लहान आग करा. पहिल्या दिवशी घुमटाचे तापमान 150 अंशांपर्यंतच जाऊ द्या आणि पुढे रोज साधारण 50 अंशांनी वाढवा. आग मध्यभागी ठेवा, ज्वाळा माथ्याला लागू देऊ नका, आणि रात्री दार पूर्ण बंद करू नका. पहिले काही दिवस बाहेरच्या बाजूला ओलसर डाग दिसतील. ते नाहीसे होईपर्यंत सिरॅमिक तंतूंची चादर आणि वरचा गिलावा चढवण्याची घाई करू नये. चादर किमान पाच, शक्यतो साडेसात सेंमी जाडीची घ्या, कारण आत साठलेली उष्णता तीच टिकवते.

ओळंबा

एक गोष्ट राहिली. विटा कापताना यंत्राच्या पात्यावर सतत पाणी सोडा आणि धूळ गाळणारा चांगला मुखवटा वापरा. या विटांच्या धुळीत सिलिका असते आणि फुप्फुसांना झालेली तिची इजा भरून येत नाही. सिरॅमिक चादर हाताळतानाही मुखवटा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. घरातल्या मुलांना त्या वेळी परसात येऊ देऊ नका.