रिपोर्ट सगळे नॉर्मल, पण जिंतूरची बस धरली की पोटात कळ

नमस्कार मंडळी. वय ३६, परभणीत राहतो, जिंतूरला बँकेत नोकरी. रोज जाऊन-येऊन. दीड वर्षापासून पोटाने वैताग आणलाय.

सकाळी निघायच्या आधी तीनदा संडासला जातो. तरी झरी मागे पडली की गुरगुर सुरू, मग बेंबीखाली पिळवटल्यासारखी कळ. कुठल्या पंपावरचं संडास उघडं असतं न्‌ कुठल्याला कुलूप, हे कंडक्टरपेक्षा मला जास्त पाठ आहे. एकदा बोरीला गाडी थांबवायला लावली, तर सगळी बस खिडकीतून बघत होती. तेव्हापासून चहासुद्धा न पिता निघतो. फरक शून्य. आणि रविवारी सासुरवाडीला मटण-भाकरीवर ठेचा हाणला तरी पोट गप्प! जूनमध्ये पीककर्जाची रांग लागली की मात्र विचारूच नका.

रक्त, थायरॉइड, शौच, सोनोग्राफी, सिलिॲकची (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार) तपासणी, शेवटी दुर्बीणही झाली. काही निघालं नाही. वजन घटलं नाही, रक्त पडत नाही, रात्री झोपेतून उठावं लागत नाही. संभाजीनगरच्या पोटविकारतज्ज्ञांनी आयबीएस सांगितलं, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम: तपासणीत आतडं ठीक दिसतं, पण त्याचं काम बिघडलेलं असतं. आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं, ते मेंदूशी दोन्ही बाजूंनी बोलतं. ताण आला की जठर रेंगाळतं आणि मोठं आतडं पळायला लागतं. शिवाय नसा इतक्या हळव्या होतात की दुसऱ्याला जाणवणारही नाही एवढा गॅस आपल्याला दुखतो. म्हणजे कळ खरीच आहे, मनाचे खेळ नाहीत.

हे मला पटलं. घरी पटवणं अवघड. वडील म्हणतात, "आमी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, तवा न्हाई कुनाचं पोट बिघडलं. तुला पंख्याखाली बसून कसलं आलंय टेन्शन?" यावर काय बोलणार?

त्यात रात्री घ्यायला अमिट्रिप्टिलिन १० मिग्रॅ दिली. बायकोने मोबाईलवर नाव टाकलं, तर 'नैराश्यावरची गोळी'. घरात सुतक पडल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले होते की नैराश्याला डोस याच्या कितीतरी पट लागतो, इथे ती आतड्याच्या नसा शांत करायला आहे. तरी सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, म्हणून नऊ दिवसांनी मीच बंद केली. चुकलंच. पुढच्या आठवड्यात परत दाखवणार आहे. कुणी घेतलीय का? ती सुस्ती काही दिवसांनी जाते का?

दुसरं म्हणजे फॉडमॅपचं पथ्य, म्हणजे आतड्यात नीट न शोषता आंबून गॅस करणारे पदार्थ टाळायचे. कांदा, लसूण, गहू, बऱ्याचशा डाळी काही आठवडे बंद, मग एकेक परत सुरू करून बघायचं. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाणे चालतात, म्हणजे आपलं निम्मं जेवण वाचलं. पण लसणाशिवाय ठेचा आणि कांद्याशिवाय पिठलं? आमच्या मातोश्रींनी हे ऐकूनच हात टेकले. हिंगावर कुणी भागवलंय का, नेमकं कसं?

आयबीएससाठी समुपदेशनाचाही उपयोग होतो म्हणे. परभणी-नांदेडकडे कुणी ते घेतलं असेल तर अनुभव लिहा, ऑनलाइनही चालेल.

ओवा, बडीशेप, त्रिफळा सुचवू नका, तिन्हींच्या डब्या ड्रॉवरमध्ये आहेत. आणि बोरी ते जिंतूरच्या मधे एखादं उघडं संडास माहीत असेल तर ते मात्र नक्की सांगा.