मदत हवी आहे : उडो डर्कश्नायडर यांचा लाइव्ह अल्बम एलपीवर घ्यावा की सीडीवर?

नमस्कार. ‘अ‍ॅक्सेप्ट’ या जर्मन हेवी मेटल बँडचे माजी गायक उडो डर्कश्नायडर यांनी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, मुलगा स्वेन याला ड्रम्सवर घेऊन, त्याच बँडची जुनी गाणी गायलेला ‘लाइव्ह – बॅक टू द रूट्स’ (२०१६) हा अल्बम मला थोरल्या भावाच्या साठीनिमित्त भेट द्यायचा आहे. त्याच्याकडच्या ‘अ‍ॅक्सेप्ट’च्याच ‘मेटल हार्ट’ या अल्बमच्या (१९८५) कॅसेटची फीत तुटल्यावर त्याने ती सेलोटेपने जोडली होती, तेव्हापासून गिटारवरची बीथोव्हेनची धून नेमकी त्या सांध्यावर अडखळते. आता मला त्याला ती सलग ऐकवायची आहे. दोन्ही आवृत्त्या ऐकलेल्यांनी कृपया सांगावे, की उडोंचा खरखरीत आवाज श्रोत्यांच्या कोरसमध्ये न बुडता एलपीवर अधिक स्पष्ट येतो की सीडीवर?