शब्दचर्चा : खेळाडू घेतला, पण त्याचं नाव चढलं का?

सरवा

मी अधूनमधून फुटबॉलवर मराठीत लिहिते आणि ‘रजिस्ट्रेशन’ या शब्दापाशी दर वेळी अडते. त्याला ‘नोंदणी’ म्हणतात हे ठाऊक आहे. अडचण आहे ती त्याच्या शेजारच्या शब्दाची. क्लबने खेळाडू घेतला की आपल्याकडे ‘करारबद्ध केले’ असं छापून येतं, आणि वाचकाला वाटतं की काम झालं, आता हा शनिवारी मैदानात दिसणार.

दानी ओल्मोचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये बार्सिलोनाने त्याला लाइपझिगकडून घेतलं, २०३० पर्यंतचा करार केला. पण स्पेनमध्ये खेळाडूंवर किती खर्च करता येईल याची मर्यादा प्रत्येक क्लबला लीग आखून देते, आणि बार्सिलोनाकडे त्या मर्यादेत जागाच नव्हती. पहिले दोन सामने ओल्मो बाहेर बसला. मग आंद्रेआस क्रिस्टेनसन दीर्घकाळासाठी जायबंदी झाला. अशा खेळाडूच्या पगाराचा मोठा भाग तात्पुरता हिशेबाबाहेर ठेवता येतो. त्या जागेत ओल्मोची नोंदणी झाली, तीही ३१ डिसेंबरपर्यंतच. २७ ऑगस्टला तो रायो व्हायेकानोविरुद्ध उतरला आणि त्याने गोलही केला. ३१ डिसेंबर उलटली तेव्हा नवी जागा वेळेत मंजूर झालेली नव्हती, म्हणून नोंदणी संपली. शेवटी ८ जानेवारी २०२५ ला स्पेनच्या सरकारी क्रीडा परिषदेने तात्पुरता दिलासा दिला.

त्या आठवड्यात एका मराठी बातमीत मी ‘ओल्मोचा करार संपुष्टात’ असं वाचलं. माझ्या भाच्याने विचारलं, “मावशी, त्याला काढून टाकलं का?” काढलं नव्हतं. करार शाबूत होता, पगार चालू होता, फक्त खेळता येत नव्हतं. ही अवस्था नेमकी सांगणारं मराठी क्रियापद मला हवंय.

बांधावरून

सरवाताई, क्रियापद आपल्याकडे आहे : नाव चढणे. जमीन घेताना आधी साठेखत होतं, मग दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत, मग तलाठी फेरफार घालतो, मंडळ अधिकारी तो मंजूर करतो आणि सातबाऱ्यावर नाव चढतं. खेडेगावात कुणी जमीन घेतली म्हणाला, तर ऐकणारा पहिला प्रश्न हाच करतो, “नाव चढलं का?” पैसे दिले, पेढे वाटले, पण नाव चढलेलं नाही, अशी माणसं प्रत्येक गावात असतात. ओल्मोचं तेच झालं. ‘बार्सिलोनाने ओल्मोला घेतलं, पण त्याचं नाव अजून लीगच्या यादीत चढलेलं नाही.’ हे वाक्य माझ्या वडिलांनाही कळेल, आणि त्यांनी आयुष्यात फुटबॉलचा एकही सामना पाहिलेला नाही.

कलमदान

उपमा चांगली आहे, पण कायद्याच्या अंगाने एक दुरुस्ती. सातबारा हा मालकीचा निर्णायक पुरावा नाही, तो महसुली अभिलेख आहे. मालकी नोंदवलेल्या खरेदीखताने येते. म्हणजे नाव चढलं नाही तरी जमीन तुमची असू शकते.

बांधावरून

म्हणून तर उपमा जास्तच बसते! नाव चढलं नाही तरी जमीन तुमची, आणि नाव चढलं नाही तरी खेळाडू क्लबचा. पण उताऱ्यावर नाव नसताना सोसायटीत पीककर्ज मागायला जा, आणि यादीत नाव नसताना खेळाडूला मैदानात उतरवा. दोन्हीकडून परत पाठवतील.

सरवा

पटलं. यावरून अर्दा तुरानचं आठवलं. अल्पवयीन परदेशी खेळाडूंच्या नियमभंगासाठी फिफाने बार्सिलोनावर २०१५ च्या नोंदणीच्या दोन्ही मुदतींसाठी (‘ट्रान्सफर विंडो’) बंदी घातली होती. तरीही त्या उन्हाळ्यात त्यांनी तुरान आणि अलेश विदाल यांना विकत घेतलं. दोघांनी जानेवारी २०१६ पर्यंत नुसता सराव केला. आपण या शिक्षेला ‘ट्रान्सफर बंदी’ म्हणतो, पण तिथे खरेदी बंद नव्हतीच, नाव चढवणं बंद होतं. ‘नोंदणीबंदी’ लिहिलं असतं तर वाचकाला तुरानचं कोडं पडलंच नसतं.

समुद्रपक्षी

मी मूळची पुण्याची, सध्या बार्सिलोनात असते. इथल्या वर्तमानपत्रांत या दोन गोष्टींना दोन वेगळी क्रियापदं आहेत. ‘फिचार’ म्हणजे खेळाडू घेणे आणि ‘इन्स्क्रिबिर’ म्हणजे त्याचं नाव लीगकडे घालणे. एरवी इन्स्क्रिबिर हा शब्द शाळेतल्या प्रवेशासाठी किंवा शर्यतीत नाव देण्यासाठी वापरतात. अलीकडच्या उन्हाळ्यांत माझ्या ऐकण्यात दुसराच शब्द जास्त आला. बेकरीच्या रांगेतही लोक ‘कुणाला घेतलं’ यापेक्षा ‘कुणाची नोंदणी बाकी आहे’ हेच बोलत असतात.

गंमत अशी की ‘फिचार’ आला ‘फिचा’वरून, आणि फिचा म्हणजे नोंदीचं कार्ड. म्हणजे मुळात तोही कार्डावर नाव लिहिण्याचाच शब्द. वापरता वापरता तो खरेदीकडे सरकला आणि नोंदीसाठी दुसरा शब्द घ्यावा लागला. आपल्या ‘करारबद्ध’वर उगाच दोन कामांचं ओझं पडलंय, तिकडे भाषेने ते वाटून घेतलं.

२०२२ चा ‘पलांका’ हा शब्दही मराठीत आणायला हवा. पलांका म्हणजे तरफ. लीगच्या प्रक्षेपण हक्कांच्या आपल्या उत्पन्नातला २५ टक्के वाटा बार्सिलोनाने २५ वर्षांसाठी विकला, क्लबच्या स्वतःच्या स्टुडिओतला हिस्साही विकला, आणि त्या पैशांवर नव्या खेळाडूंची नावं चढवली. तरी ज्यूल्स कुंदेचं नाव चढायला ऑगस्टचा शेवट उजाडला. मराठी बातम्यांत ‘लिव्हर’ असं येतं. ‘तरफ’ शाळेत सगळ्यांनी शिकलेली असते, शिवाय जड वस्तू थोडीशी उचलून देणे हा अर्थही तिच्यात आहे. ‘तरफ लावली’ असं सरळ लिहावं.

पेठेतला बॅक

कोल्हापूरहून लिहितोय. तुमचं नोंदणीचं ठीक चाललंय, पण ‘होमग्रोन’चं काय करता? परवा एके ठिकाणी ‘देशी खेळाडू’ वाचलं आणि राहवलं नाही.

देशी-परदेशीचा इथे काडीचा संबंध नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०१०-११ पासून यादी २५ जणांची. त्यात ‘होमग्रोन’ नसलेले जास्तीत जास्त १७. होमग्रोन कोण? जो २१ वर्षांचा होईपर्यंत इंग्लंड किंवा वेल्सच्या संघटनेतल्या कुठल्याही क्लबकडे तीन हंगाम किंवा ३६ महिने नोंदलेला होता तो. पासपोर्ट कुणीच विचारत नाही. सेस्क फाब्रेगास अस्सल स्पॅनिश, पण २००३ मध्ये सोळाव्या वर्षी आर्सेनलमध्ये आला, म्हणून होमग्रोन. पुढे २०१४ मध्ये चेल्सीत गेला तेव्हाही होमग्रोनच. उलट एरिक डायर इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचा खेळाडू, पण वाढला लिस्बनच्या स्पोर्टिंगमध्ये. टॉटनहॅमच्या यादीत तो होमग्रोन नव्हता. आता डायरला ‘परदेशी’ म्हणणार आणि फाब्रेगासला ‘देशी’?

आमच्याकडे यासाठी शब्द तयार आहे : तालमीतला. कोल्हापुरात फुटबॉल तालमींनी वाढवला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही कुस्तीच्या आखाड्यांची नावं आज फुटबॉल संघांची नावं आहेत. ‘हा आमच्या तालमीतला’ म्हणतो तेव्हा जन्म कुठला हे आम्ही सांगत नाही, घडला कुठे हे सांगतो. बरोबर तोच अर्थ हवाय ना?

सरवा

हाच अर्थ हवाय! आणि युरोपच्या स्पर्धांतला गुंताही यानेच सुटतो. युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या, ‘अ’ यादीत २५ जागा, त्यातल्या ८ राखीव. या आठांत जास्तीत जास्त चार त्याच देशातल्या दुसऱ्या क्लबांत घडलेले चालतात, बाकीचे त्याच क्लबमध्ये घडलेले लागतात, नाहीतर जागा रिकाम्या राहतात. मी आजवर ‘क्लब-प्रशिक्षित’ आणि ‘संघटना-प्रशिक्षित’ असं लिहीत आले. वाचणारा दुसऱ्या ओळीला सोडून जातो. ‘स्वतःच्या तालमीतला’ आणि ‘देशातल्या दुसऱ्या तालमीतला’ असं लिहिलं की खुलासा करावा लागत नाही.

कलमदान

आक्षेप : तालमीत माणूस लहानपणापासून असतो. युएफा मोजते ती फक्त १५ ते २१ ही वर्षं. फाब्रेगास बार्सिलोनाच्या अकादमीत वाढला, पण सोळाव्या वर्षी गेला. २०११ मध्ये परत आला तेव्हा भावनेने तो त्यांच्या तालमीतला होता, युएफाच्या हिशेबात नव्हता.

पेठेतला बॅक

मान्य. पहिल्यांदा शब्द येईल तिथे वयाची अट एका वाक्यात सांगावी लागेल. ‘देशी’ लिहिलं तर वाचक चुकीच्या दिशेने जातो. ‘तालमीतला’ लिहिलं तर तो बरोबर वाटेवर असतो, फक्त थोडं पुढचं सांगायचं राहतं. मला तरी दुसरं पत्करेल.

मैदानकाठ

शब्दांबरोबर हेही सांगितलं पाहिजे की या याद्यांमुळे क्लबांची खरेदी मुळापासून बदलते. इंग्लंडमध्ये घडलेला खेळाडू महाग का, तर तो २५ पैकी १७ च्या मर्यादेत मोजला जात नाही. एखाद्याकडे असे पाचच असतील तर त्याची यादी २२ वरच थांबते. २०१५ मध्ये मँचेस्टर सिटीतून जेम्स मिल्नर गेला आणि त्याच उन्हाळ्यात त्यांनी रहीम स्टर्लिंग आणि फेबियन डेल्फ यांना घेतलं. मी त्या खरेदीकडे खेळाइतकंच यादीच्या गणिताने बघतो. त्याच क्लबने स्कॉट कार्सन हा वयस्क इंग्लिश गोलरक्षक कित्येक हंगाम तिसऱ्या क्रमांकावर ठेवला. तो क्वचितच खेळला, पण यादीतली जागा त्याने भरली.

आणि वय. प्रीमियर लीगमध्ये २१ वर्षांखालच्यांना २५ च्या यादीत घालावंच लागत नाही. म्हणून कोवळ्या खेळाडूंवर उड्या पडतात : आज जागा अडत नाही आणि उद्या ते ‘तालमीतले’ होतात. पूर्वी फाब्रेगाससारखा सोळाव्या वर्षी मुलगा आणता यायचा. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे १ जानेवारी २०२१ पासून, इंग्लिश क्लबांना १८ वर्षांखालचा परदेशी खेळाडू घेता येत नाही. अठराव्या वाढदिवसापासून एकविसाव्यापर्यंत महिने मोजा, बरोबर ३६ भरतात. त्यामुळे अठराव्या वर्षी आलेला जेमतेम हिशेबात बसतो आणि वर्षभर उशिरा आलेला सहसा निसटतो.

समुद्रपक्षी

आणि ज्याचं नाव वगळतात त्याचं काय? २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आर्सेनलने मेसूट ओझिलला प्रीमियर लीग आणि युरोपा लीग अशा दोन्ही याद्यांतून वगळलं. सराव चालू, पगार चालू, सामने बंद, आणि जानेवारीत तो फेनरबाचेला गेला. त्याला मराठीत काय म्हणायचं? ‘संघाबाहेर’ म्हटलं तर एका सामन्यापुरतं बाकावरूनही उठवलेला वाटतो.

सरवा

‘पटाबाहेर’ म्हणता येईल. शाळेचा हजेरीपट, पटसंख्या, पटपडताळणी, हे शब्द महाराष्ट्रात घराघरांत माहीत आहेत. ‘संघ’ म्हटलं की आपल्याला मैदानावरचे अकरा दिसतात, ‘चमू’ म्हटलं की दौऱ्यावर निघालेले. नोंदलेल्या २५ जणांसाठी ‘पट’ घेतला तर तिन्ही वेगळे राहतात. ओझिल क्लबमध्ये होता, पण पटावर नव्हता. चेल्सीने २०२४ मध्ये कॉन्फरन्स लीग या युरोपीय स्पर्धेच्या साखळी टप्प्यासाठी कोल पामरला पटाबाहेर ठेवलं, तेव्हा तो त्यांचा सगळ्यात महत्त्वाचा खेळाडू होता. तिथे ‘पामरला वगळलं’ एवढंच वाचून लोक घाबरले. ‘युरोपच्या पटावर घेतलं नाही’ असं असतं तर लीगमध्ये तो खेळणार हे आपोआप कळलं असतं.

मैदानकाठ

जाता जाता : ‘ट्रान्सफर’ला ‘बदली’ नको, कारण ‘बदली खेळाडू’ आधीच दुसऱ्या अर्थाने रुळलाय. ट्रान्सफर तसाच ठेवा. ‘लोन’ला मात्र ‘कर्जाऊ’ऐवजी ‘उसना’. उसनं आणलेलं जसंच्या तसं परत करायचं असतं.

सरवा

उसना घेतला. एकच राहिलं : युएफाची ‘ब’ यादी. २१ वर्षांखालचा आणि पंधराव्या वर्षानंतर क्लबमध्ये सलग दोन वर्षं काढलेला मुलगा तिच्यात जातो, त्याला ‘अ’ यादीतली जागा लागत नाही. बार्सिलोनाच्या लामिन यमालचं नाव त्याच यादीत असायचं. ‘युवा यादी’ म्हटलं तर वय कळतं, दोन वर्षांची अट हरवते.

पेठेतला बॅक

‘उमेदवारी’. माझे आजोबा छापखान्यात कामाला लागले तेव्हा पहिली दोन वर्षं त्यांनी उमेदवारी केली, असंच घरात सांगतात. काम शिकत शिकत तिथलेच व्हायचं.

कलमदान

आजचा वाचक निवडणुकीचा उमेदवार समजेल.

पेठेतला बॅक

‘उमेदवार’ म्हटलं तर समजेल. ‘उमेदवारी केलेली पोरं’ म्हटलं तर नाही. क्रियापद बरोबर ठेवा, जुना अर्थ परत येतो.

सरवा

‘यमालने बार्सिलोनातच उमेदवारी केली, म्हणून तो ब यादीत बसतो आणि अ यादीतली एक जागा मोकळी राहते.’ पुढच्या लेखात हे वाक्य असंच घालते. भाच्याला आधी वाचायला देईन.